विनोबांच्या वजनाचा हिशेब

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही सात-आठ जण सायकली घेऊन पुलाजवळ जमतो. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला आमची अष्टमी. कोणी शिक्षक, कोणी धाटावच्या कारखान्यात पाळी करणारा, एक किराणा दुकानदार आणि मी, सरकारी रुग्णालयातला पन्नाशी ओलांडलेला डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी ११ सप्टेंबरच्या आसपासचा रविवार धरून आम्ही लांबची फेरी ठरवली. नागोठणे, वडखळ, पेण आणि तिथून गागोदे बुद्रुक. आचार्य विनोबा भावे यांचं हे जन्मगाव. गावात पोहोचून सायकली टेकवल्या, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वजनदार सदस्याने पोटावरून हात फिरवत विचारलं की, विनोबांच्या गावाला येऊन आपलं काय भलं होणार? त्यांना कुठे वजन कमी करायचं होतं? सगळे हसले. मी मात्र परतीच्या वाटेवर त्याच प्रश्नाचा विचार करत राहिलो.

त्याला कारण होतं. मी सायकल घेतली एक्कावन्नाव्या वर्षी. तेव्हा वजन ८६ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर आणि उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांना मधुमेह होता. शेवटची काही वर्षं त्यांच्या पायाची जखम रोज मीच बांधत होतो, त्यामुळे हा उंबरठा म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. सायकलने पहिल्या दहा महिन्यांत ९ किलो उतरले. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते अभिमानाने सांगत असे. पुढच्या दीड वर्षात त्यातले ६ किलो परत आले. गंमत म्हणजे या काळात सायकल कमी झाली नव्हती, उलट फेऱ्या लांबल्या होत्या. मग मी लोकांना सांगायचं बंद केलं.

विनोबांची अडचण आमच्या बरोबर उलटी होती. पण गणित एकच. शरीरात किती गेलं, शरीराने किती खर्च केलं आणि हे रोज किती नेमाने झालं. या माणसाने आयुष्यभर दोन्ही बाजू मोजल्या. एकदा त्यांचा हिशेब इतका चुकला की जीव धोक्यात आला. तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला आणि पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी चालायला निघाले ते तेरा वर्षं चालतच राहिले. विनोबांच्या अध्यात्मावर आणि भूदानावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आज त्यांचं आयुष्य डॉक्टरच्या नजरेने पाहू.

गागोदे ते कोचरब

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. आजोबा शंभुराव हे मोठे व्रतस्थ गृहस्थ. त्यांनी चांद्रायण व्रत केल्याची आठवण विनोबांनी सांगितली आहे. या व्रतात चंद्राच्या कलेप्रमाणे घास मोजून खायचे असतात. पौर्णिमेपर्यंत रोज एक घास वाढवायचा, मग रोज एक कमी करायचा. खाणं मोजता येतं, ही गोष्ट या मुलाने घरातच पाहिली. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला होते. वृत्ती शास्त्रीय, रंग आणि कापडाच्या रसायनांत रस घेणारी. आई रखुमाबाई अत्यंत भाविक. दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा गागोद्याहून बडोद्याला गेला. शाळेत हुशार, गणितात विशेष, पण मैदानी खेळापेक्षा मैलोन् मैल भटकण्याची हौस जास्त.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा वीस वर्षांचा तरुण सुरतला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात हजर झाला. गांधीजी तेव्हा भाजी चिरत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्याही हातात सुरी दिली. आश्रमात सर्व कामं हातांनी व्हायची. विनोबांची प्रकृती मुळात किरकोळ होती आणि ती या कामाला पुरी पडेना.

वाईचं वर्ष

१९१७ साली विनोबांनी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. एक कारण वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृत शिकण्याचं, दुसरं प्रकृती सुधारण्याचं. वर्ष संपता संपता त्यांनी गांधीजींना जे पत्र लिहिलं, त्यात अभ्यासाबरोबर शरीराचाही अहवाल आहे. पहिले दोन महिने रोज दहा-बारा मैल चालणं. मग जात्यावर धान्य दळणं. त्यानंतर रोज ३०० सूर्यनमस्कार. मसाले बंद, पुढे मीठही बंद. एका महिन्यात फक्त केळी, दूध आणि लिंबू यांवर राहून पाहिलं, पण शक्ती कमी झाल्याचं लक्षात येताच तो प्रयोग थांबवला. याच काळात महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतून सुमारे ४०० मैलांची पायपीट झाली, वाटेत किल्ले पाहिले, गावोगावी गीतेवर प्रवचनं दिली.

या अहवालात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, व्यायामाची विविधता. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पण खांदे, पाठ, दंड यांना काम मिळत नाही. जातं ओढल्याने आणि नमस्कारांनी ती उणीव भरून निघाली. आम्हा सायकलवाल्यांची हीच मोठी चूक असते. सायकलवर मांड्या आणि पोटऱ्या राबतात, बाकीचं शरीर बसून असतं. शिवाय शरीराचा भार खोगिरावर असल्याने हाडांवर ताण पडत नाही आणि हाडं मजबूत व्हायला तो ताण लागतो. वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की बसल्या जागी होणारा खर्चही घटतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा नमस्कार, उठाबशा, दंड किंवा परसातलं खणणं-उचलणं हवंच.

दुसरी गोष्ट, नोंद. केळी-दुधाचा प्रयोग श्रद्धेने रेटून नेला नाही. शक्ती घटली हे दिसलं आणि तो बंद केला. आपल्याकडे कुणी फक्त फळं, कुणी फक्त सूप असे महिने काढतं आणि चक्कर येऊन पडेपर्यंत थांबत नाही.

८८ पौंड

एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याचा आश्रम चालवायला गेले. पुढची सतरा वर्षं सूतकताई, शिकवणं, तुरुंगवास आणि पुन्हा सूतकताई अशी गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली आणि घरोघरी पोहोचली. शरीराचा हिशेब मात्र हळूहळू बिघडत होता.

१९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी एक कठीण प्रयोग सुरू केला. रोज आठ-नऊ तास सूत कातायचं आणि कातणाऱ्या मजुराला जेवढी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपलं जेवण बसवायचं. सूत कातणाऱ्या गरीब बाईचं पोट त्या मजुरीत भरतं का, हे स्वतःच्या पोटावर तपासायचं. दूध, भाजी, गहू, तेल सगळं तोळ्यांत मोजलेलं. प्रश्न न्यायाचा होता आणि तो विचारण्यामागचा प्रामाणिकपणा मोठा होता. पण शरीराला तत्त्वज्ञान कळत नाही. अनेक तासांचं काम, अपुरं अन्न, सोबत आश्रमांची आणि माणसांची काळजी. १९३८ च्या सुरुवातीला वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे ४० किलो. वय ४२.

असा रुग्ण आज माझ्यासमोर आला, तर मी आधी क्षयाची तपासणी करीन, थायरॉइड आणि साखर पाहीन. काहीच निघालं नाही, तर विचारीन की दिवसभरात खाता काय आणि राबता किती. हा प्रश्न आता व्यायाम करणाऱ्या तरुणांनाही विचारावा लागतो. मागे एक पंचविशीतला मुलगा आला होता. रोज पहाटे ४० किलोमीटर सायकल, दिवसातून एकदाच जेवण आणि ते जेवणही भात-पोळी वगळून. चार महिन्यांत १६ किलो उतरले होते, मित्र वाहवा करत होते. झोप उडाली होती, सारखी सर्दी होत होती, चिडचिड वाढली होती आणि एके दिवशी चढावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो पडला. कोपर मोडलं. खर्चाच्या मानाने अन्न फार कमी पडलं की शरीर आपले दिवे एकेक करून मालवतं. संप्रेरकं मंदावतात, हाडं ठिसूळ होतात, मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, प्रतिकारशक्ती घटते. आणि अशा घाईने घालवलेलं वजन टिकतही नाही. प्लास्टर निघेपर्यंत त्या मुलाचं निम्मं वजन परत आलं होतं.

पवनारचं खोदकाम

विनोबांची अवस्था गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी बोलावून घेतलं, डॉक्टरांना दाखवण्याविषयी आणि हवापालटाविषयी सुचवलं. विनोबांनी वर्ध्यापासून जवळच असलेलं पवनार निवडलं. धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. मार्च १९३८ मध्ये विनोबा तिथे गेले. मोटार धाम नदीचा पूल ओलांडत असताना त्यांनी मनातल्या मनात तीनदा म्हटलं की, मी सगळं सोडलं आहे. आश्रम, संस्था, माणसं, सगळ्यांची काळजी नदीच्या अलीकडे ठेवून ते पलीकडे गेले.

याला अध्यात्म म्हणा. मी त्याला उपचाराचा पहिला भाग म्हणतो. मन सतत ताणाखाली असेल, तर झोप बिघडते आणि झोप बिघडली की भुकेचं गणित बिघडतं. कुणाची भूक मरते, कुणाची भलत्या वेळी उफाळते. रात्रपाळी करणाऱ्या माझ्या रुग्णांमध्ये आणि रात्रपाळी करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांमध्येही हे रोज दिसतं.

दुसरा भाग खोदकामाचा. बंगल्याच्या आवारात विनोबा जमीन खोदू लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. असं रोज थोडं थोडं वाढवत आणि मध्ये विसावा घेत ते खोदकाम तासांपर्यंत गेलं. सोबत मोजलेला, पण आता पुरेसा आहार. काही महिन्यांत वजन ८८ पौंडांचं १२८ पौंड झालं. ४० किलोचा माणूस ५८ किलोचा झाला. त्याच जागेत खोदताना पुढे जुन्या मूर्ती सापडल्या, त्यातली राम-भरत भेटीची मूर्ती पवनारच्या आश्रमात पूजेला लागली. मला मात्र त्या पाच मिनिटांचं अप्रूप जास्त वाटतं.

चाळीस किलोच्या अशक्त माणसाने पहिल्याच दिवशी तासभर कुदळ चालवली असती, तर दुसऱ्या दिवशी तो अंथरुणावर असता. पाच मिनिटांनी स्नायूंना दुखापत होत नाही, उद्या पुन्हा करण्याची ताकद उरते. आणि रोज थोडी वाढ मिळाली की शरीर स्वतःला बदलतं. हृदयाला अधिक रक्त फेकायची सवय होते, स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं चरबीऐवजी स्नायूंकडे वळतात. वजन वाढवायचं असो की घटवायचं, नियम हाच आहे. सायकल विकत घेतल्याच्या पहिल्याच रविवारी साठ किलोमीटर जाणारे बहुतेक जण तिसऱ्या रविवारी दिसत नाहीत.

तेरा वर्षांची चाल

ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. मग पुन्हा तुरुंग, मग स्वातंत्र्य, मग गांधीजींची हत्या. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा वर्ध्याहून पायी निघाले. अंतर ३०० मैलांच्या आसपास, वय ५५. म्हणजे आज माझं आहे तेवढंच.

संमेलनानंतर ते तेलंगणात फिरले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावात भूमिहीनांसाठी पहिली १०० एकर जमीन दानात मिळाली. भूदान सुरू झालं. सप्टेंबरमध्ये ते पवनारहून दिल्लीकडे पायीच निघाले आणि मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम अशी चाल चालू राहिली. ते पवनारला परतले एप्रिल १९६४ मध्ये. या तेरा वर्षांत पहाटे, अंधार असतानाच कूच व्हायचं. सरासरी चाल दिवसाला दहा मैलांची. १९५८ साली पहिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तेव्हाही ते चालत होते, १९६० साली चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली तेव्हाही.

आता हिशेब करू. ५५ किलोच्या माणसाने १६ किलोमीटर चालायला बसल्या जागचा खर्च धरून सुमारे ६०० ते ७०० कॅलरी लागतात. हा आकडा फार मोठा नाही. मला सायकलवर दीड तासात तेवढा खर्च करता येतो. फरक आहे तो आठवड्यातल्या दिवसांचा. विनोबांची चाल जवळजवळ रोजची होती, माझी सायकल रविवारची आणि जमलं तर बुधवारची. रविवारी दोन तासांत मी हजारेक कॅलरी खर्च करायचो. परतताना मिसळ, दोन पाव, एक प्लेट भजी आणि साखरेचे दोन चहा. घरी पोहोचेपर्यंत हजार कॅलरी परत जमा. वर दुपारी आज व्यायाम झालाय म्हणून दोन पोळ्या जास्त आणि संध्याकाळपर्यंत पलंगावर. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रविवारच्या एका फेरीने, मिसळ खाल्लीच नाही असं धरलं तरी, १३० ग्रॅमपेक्षा जास्त चरबी जात नाही.

मग पहिल्या वर्षी ९ किलो कसे गेले? कारण तेव्हा मी घाबरलेलो होतो. साखरेचा अहवाल ताजा होता, चहातली साखर बंद होती, रात्रीचा भात निम्मा होता. वजन उतरवलं होतं मुख्यतः ताटाने, श्रेय दिलं सायकलला. आणि सायकल आहे म्हणून ताट सैल सोडलं.

यात एक गोष्ट आपल्या हातात नसते, तीही सांगायला हवी. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवणारं ग्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं आणि चरबीतून येणारं लेप्टिन घटतं. हलकं झालेलं शरीर त्याच कामाला कमी इंधन जाळतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं की, वजन उतरवल्यावर वर्ष उलटलं तरी भुकेची ही ओढ टिकून असते. तेव्हा वजन परत येणारा प्रत्येक माणूस आळशी किंवा हावरट नसतो. त्याच्या विरुद्ध त्याचंच शरीर काम करत असतं. म्हणूनच एकदाचा पराक्रम उपयोगाचा नाही, कायमची चाल लागते. अमेरिकेत १९९४ पासून, किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक लोक रोज सरासरी तासभर शरीर हलवतात, त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम चालणं आहे, खाण्यावर लक्ष असतं आणि बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. व्यायाम एकटा वजन फारसं उतरवत नाही, पण उतरलेलं वजन टिकवायला त्याच्यासारखा सोबती नाही.

काय घ्यावं, काय सोडावं

विनोबांचं सगळंच अनुकरण करावं, असं मी डॉक्टर म्हणून सांगणार नाही. त्यांना पोटाच्या व्रणाचा जुना त्रास होता. पदयात्रेत ते दूध-दह्यावर, थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा घेऊन राहत. तो त्यांच्या दुखण्यापुरता आहार होता, आदर्श आहार नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधल्या चांडिलला त्यांना मलेरियाचा जीवघेणा प्रकार झाला. आधी त्यांनी औषध नाकारलं. प्रकृती फार खालावली, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून औषध घेतलं आणि ते वाचले. पुढची अकरा वर्षांची चाल त्या औषधामुळे शक्य झाली. आपल्या रायगडात मलेरिया नवा नाही. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला, तर रक्त तपासा आणि पूर्ण औषध घ्या, श्रद्धा काहीही असो.

पदयात्रा संपल्यावर आणि पुढे १९७० पासून पवनारलाच क्षेत्रसंन्यास घेतल्यावरही त्यांनी शरीर बसवून ठेवलं नाही. आश्रमाचं आवार झाडणं, काडीकचरा वेचणं हे काम ते म्हातारपणी नेमाने करत. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सत्त्याऐंशीव्या वर्षी ते गेले. तो त्यांचा निर्णय होता. रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हृदयविकाराच्या झटक्यानंतर उपचार सोडून देण्याचा सल्ला कधीही देता येणार नाही.

घ्यायचं ते साधं आहे. मी गागोद्याहून आलो आणि पहिल्यांदा फेरीनंतरची मिसळ बंद केली. फेरी दीड तासाच्या आत असेल, तर वाटेत पाण्याखेरीज काही लागत नाही. लांब असेल, तर खिशात शेंगदाणे-गूळ किंवा दोन केळी. घरी आल्यावर मुगाची किंवा चण्याची उसळ आणि भाकरी, नाहीतर दोन अंडी आणि पोळी. पोट भरतं, स्नायूंना प्रथिनं मिळतात आणि दुपारी हात शिऱ्याकडे वळत नाही. महिन्यातून एकदा सर्वांबरोबर मिसळ खातो, पण ती व्यायामाचं बक्षीस म्हणून नाही, मिसळ आवडते म्हणून.

दुसरं, रविवारची फेरी थोडी आखडली आणि रोजची चाल सुरू केली. सुरुवात दहा मिनिटांची होती, रुग्णालयात सायकलने जाण्याइतकी. आता रोज ४० ते ५० मिनिटं शरीर हलतं. तिसरं, पावसाळ्याची सोय. कोकणात जून ते सप्टेंबर सायकल ओसरीत टांगलेली असते आणि गणपतीत मोदक असतात. दर वर्षी माझं वजन याच चार महिन्यांत चढायचं. आता पाऊस असला की घरात नमस्कार आणि जिना. सुरुवात पाच नमस्कारांनी केली, आज ४० होतात. ३०० व्हायला दुसरा जन्म लागेल. चौथं, दर सोमवारी सकाळी वजन आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दोन किलो वाढले, तर त्याच आठवड्यात ताट पाहायचं, दहा किलो वाढायची वाट पाहायची नाही.

सायकल सुरू करणाऱ्यांसाठी डॉक्टर म्हणून आणखी थोडं. भारतीय शरीरात पोटावरची चरबी कमी वजनातही घात करते. आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की सावध व्हावं. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस कमी करावा लागू शकतो. खिशात साखर ठेवा. चढावर छातीत दाब वाटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर उतरा आणि तपासून घ्या. ती गॅसची कळ आहे, असं स्वतःच ठरवू नका.

माझं वजन गेल्या वर्षभरापासून ७८ च्या आसपास आहे. उपाशीपोटीची साखर उंबरठ्याच्या आत आली आहे. वडिलांच्या वाट्याला आलेलं दुखणं माझ्या वाट्याला येणारच नाही, असं मी म्हणत नाही, पण ते लांबवता येतं एवढं नक्की. गागोद्याला पोटावरून हात फिरवणारा आमचा मित्र तेव्हा ९४ किलोचा होता. त्याला मी फेऱ्यांचं लक्ष्य दिलं नाही. दुकान उघडण्याआधी रोज पाच मिनिटं चालायला सांगितलं. तो हसला होता. आता तो पाऊण तास चालतो आणि रविवारी सायकलवर येतो. वजन ८७ झालं आहे, गेले सहा महिने तिथेच थांबलं आहे आणि तो कुरकुरतो. मी त्याला सांगतो की, सहा महिने वजन न वाढणं हीसुद्धा कमाईच आहे. येत्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा गागोद्याला जाणार आहोत. शिदोरी घरची.